वाक्यात उपयोग करा

वाळूजच्या एका लहान कंपनीत मी क्वालिटीला होते. गाड्यांना लागणारे रबरी सील तिथं तयार व्हायचे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला आणि लगेच लागले होते. आमच्या घरात शाळेच्या पुढं गेलेली मी पहिलीच. गाव चितेगावच्या पुढं, पैठण रोड सोडून आत. आबांच्या शेळ्या-मेंढ्या, थोडी कोरडवाहू जमीन, आई दुसऱ्यांच्या रानात रोजानं. मी बजाजनगरात दोन मुलींसोबत खोली करून राहायचे आणि कंपनीच्या बसनं जायचे-यायचे.

काम मला येत होतं. एकदा आमचा माल सारखा परत यायला लागला. सीलच्या कडेला केसाएवढी चीर पडत होती. सगळे रबराला दोष देत होते. मी दोन आठवडे सीलचे पीस बाजूला काढून बघितले आणि माझ्या लक्षात आलं की साच्यातलं एकच घर, म्हणजे कॅव्हिटी, झिजलंय, त्या घरातून निघणाऱ्या पिसालाच चीर पडते. मी ते कागदावर काढून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला समजावून सांगितलं. त्याच दिवशी चेन्नईहून कस्टमरची माणसं आली. मीटिंगमध्ये त्यांच्यातल्या एकानं सरळ माझ्याकडं बघून इंग्रजीत विचारलं, की हे कशामुळं होतंय.

"सर, वन कॅव्हिटी," मी म्हणाले. पुढं काही येईना. साचा, झीज, चीर हे सगळे शब्द मला इंग्रजीत येत होते. ते एकमेकांना जोडता येत नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मग शेजारून मैत्रीण म्हणाली, "व्हॉट शी मीन्स इज," आणि मी सकाळी जे मराठीत सांगितलं होतं ते तिनं एका दमात सांगून टाकलं. चेन्नईचा माणूस तिला म्हणाला, "व्हेरी वेल एक्सप्लेन्ड."

बाहेर आल्यावर मॅनेजर मला म्हणाले, "मॅडम, काम चांगलंय तुमचं. फक्त इंग्लिशचं काहीतरी बघा."

या मैत्रिणीबद्दल मला वाईट सांगता आलं असतं तर सोपं गेलं असतं. ती शहरातली. आजोबा कचेरीत कारकून, वडील बँकेत, भाऊ परदेशात. तिच्या घरी चहाबरोबर इंग्रजी पेपर यायचा आणि भांडणंसुद्धा अर्धी इंग्रजीत व्हायची. डब्यातला अर्धा पराठा ती न विचारता माझ्या झाकणात ठेवायची. मला ताप आला तेव्हा स्कूटीवर बजाजनगरापर्यंत सोडायला आली. "तू क्लास लाव," असं तिनंच सांगितलं. "तुला येतं गं सगळं. फक्त ते नॅचरल यायला पाहिजे."

क्लास शहरातल्या छावणी भागात होता. भांड्यांच्या दुकानावर एक लांबट खोली, बाकं, फळा. कंपनी सुटली की मी घरी न जाता रिक्षानं तिथं उतरायचे. शिकवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना खडू सिगरेटसारखा दोन बोटांत धरायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "व्याकरण तुम्हाला शाळेत शिकवलं आणि त्यानं तुमचं काही भलं झालं नाही. इंग्रजी बोलायची तर एक्स्प्रेशन्स शिका. तयार मसाला असतो तसा. उचलला आणि टाकला."

रोज फळ्यावर एक एक्स्प्रेशन यायचं. बाय द वे. टू बी ऑनेस्ट. ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड. खाली सर मराठीत लिहायचे, वाक्यात उपयोग करा. मग बाकावरून एकेक जण उठून वाक्य सांगायचा. बँकेच्या परीक्षा देणारी मुलं होती, एक नवीन लग्न झालेली होती, तिचा नवरा पुण्याला होता आणि बायकोला इंग्रजी आल्याशिवाय न्यायला तयार नव्हता. तिची सगळी वाक्यं नवऱ्यावर असायची. टू बी ऑनेस्ट, माय हजबंड इज व्हेरी गुड. सर म्हणायचे, "बरोबर आहे, पण यात ऑनेस्ट कशाला?" ती खाली बसायची.

एके दिवशी फळ्यावर आलं, आय ॲम अफ्रेड. मी वाक्य केलं, की मला कुत्र्याची भीती वाटते. सर हसले. "तसं नाही मॅडम. यात भीतीचा काही संबंध नाही. समजा तुम्हाला कुणाला नाही म्हणायचंय. सरळ नाही म्हटलं तर उद्धट दिसतं. मग म्हणायचं, आय ॲम अफ्रेड, इट इज नॉट पॉसिबल. नकार असतो, पण गोड करून दिलेला."

"म्हणजे भीती त्याला नसतेच," मी म्हणाले.

"नसते," सर म्हणाले. "ऐकणाऱ्याला असते." वर्ग हसला. मीही हसले.

मला ते सगळं आवडायला लागलं होतं, हे खरं आहे. बसमध्ये खिडकीशी बसून मी ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवायचे. खोलीवरच्या मुलींना म्हणायचे, बाय द वे, आज दूध कोण आणणार? त्या हसायच्या, पण त्यांनीही दोन-चार उचलली. आंघोळीला उशीर झाला की दाराबाहेरून आवाज यायचा, टू बी ऑनेस्ट, निघ आता.

कंपनीत मात्र वेगळं झालं. पहिल्यांदा मी सकाळच्या मीटिंगमध्ये म्हणाले, "टू बी ऑनेस्ट सर, दुसऱ्या शिफ्टचं चेकिंग बरोबर होत नाही." मॅनेजर म्हणाले, "म्हणजे आजवर तुम्ही ऑनेस्ट नव्हता का?" सगळे हसले. जे सांगायचं होतं ते तिथंच राहिलं. दुसऱ्या शिफ्टबद्दल कुणी पुढं काही विचारलंच नाही.

मग ते विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट. सरांनी शिकवलं तेव्हा मी आईच्या तापामुळं गावी गेले होते. वर्गातल्या मुलाकडून उतरवून घेतलं. त्यानं अर्थ सांगितला, पूर्ण आदर ठेवून. मला वाटलं, साहेबांशी बोलायला याच्याइतकं चांगलं काही नाही. मॅनेजरांनी नवीन तपासणीची पद्धत मांडली आणि मी उठून म्हणाले, "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट सर, यू आर राइट."

क्षणभर कुणाला कळेना. मग माझी मैत्रीण खाली बघून हसली आणि मग सगळेच. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला सांगितलं, की ते समोरच्याचं म्हणणं खोडायच्या आधी म्हणतात. "तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही चुकताय, असं. तू तर त्यांना बरोबर म्हणालीस. म्हणून हसले गं. फार क्यूट वाटलं."

त्या दिवसापासून मॅनेजरांना ते वाक्य सापडलं. "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट मॅडम, ते रजिस्टर द्या." "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट मॅडम, चहा सांगा." मशीनवरची पोरंसुद्धा म्हणायला लागली. त्यांना अर्थ माहीत नव्हता, पण हे वाक्य माझ्यावर हसायचं आहे एवढं त्यांना नीट कळलं होतं. मीही हसायचे. हसले नसते तर मी चिडले असं झालं असतं, आणि चिडणारी बाई ऑफिसात टिकत नाही हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मैत्रीण म्हणायची, "तू पुस्तकातल्यासारखं बोलतेस. सैल बोल ना." सैल कसं बोलायचं ते तिलाही सांगता यायचं नाही. तिला कधी सैल व्हावं लागलंच नव्हतं.

पुढं चेन्नईच्या कस्टमरची ऑर्डर कमी झाली. दुसरी शिफ्ट बंद झाली. लोक कुजबुजायला लागले, पण क्वालिटीला कोण हात लावणार, असं मी समजून होते. त्याच सुमारास आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी सोमवारपासून दहा दिवसांची सुट्टी मागितली होती. मॅनेजर म्हणाले, "बघतो, पुण्याहून एचआरचे साहेब येतायत, तेच काय ते सांगतील."

साहेब आले आणि एकेकाला आत बोलावू लागले. माझा नंबर आला तेव्हा आत साहेबांच्या शेजारी माझी मैत्रीण लिहून घ्यायला बसली होती. तिचं इंग्रजी चांगलं म्हणून तिला त्या कामाला घेतलं होतं. साहेब मराठीच होते. मी आत शिरताना चहावाल्याला ते म्हणाले होते, "साखर कमी टाक रे." माझ्याशी मात्र इंग्रजी सुरू झालं. फार भराभर नाही, पण सलग. ऑर्डर पोझिशन, तुमचं कॉन्ट्रिब्यूशन, वी व्हॅल्यू इट. मी मान हलवत होते. मग त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि आवाज एकदम मऊ केला. "सो, वी विल हॅव टू लेट यू गो. फ्रॉम मंडे."

लेट म्हणजे देणे. गो म्हणजे जाणे. सोमवारपासून जाऊ देणार. मला इतकं बरं वाटलं, आईचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढतेय असं डोळ्यांसमोर आलं. आणि इतके महिने घोकलेलं वाक्य न अडखळता, शब्द जोडत न बसता, आपोआप बाहेर पडलं. "थँक यू सो मच, सर. आय रिअली ॲप्रिशिएट इट."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, डिटेल्स मेलवर येतील. मैत्रीण मान खाली घालून लिहीत होती. मला वाटलं, आज तरी तिनं माझं नॅचरल इंग्लिश ऐकलं.

बाहेर येऊन मी आबांना फोन केला, की सुट्टी मिळाली. कंपनीची मेल मी कंपनीतल्याच कॉम्प्युटरवर उघडायचे. आईचं ऑपरेशन झालं. मी आठवडाभर तिच्या डोळ्यांत थेंब घातले, भाकऱ्या केल्या, आलेल्या-गेलेल्या बायांना चहा दिला. एक मावशी म्हणाली, "कंपनी लई चांगली दिसती गं तुझी, दहा दिस सोडलं." मी म्हणाले, "व्हय, साहेब चांगले आहेत."

परत गेले तर गेटवरच्या यंत्राला कार्ड चालेना. मी ते साडीला पुसून पुन्हा लावलं. वॉचमन माझ्या ओळखीचा, रोज सलाम करणारा. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "कार्ड बंद है मॅडम. उप्पर से बोले, अंदर नक्को छोडो."

"कायको?"

"मेरेकू क्या मालूम. आपकू बोले नै क्या?"

मी मैत्रिणीला फोन लावला. ती गेटवर आली ती माझी पिशवी घेऊनच आली. पिशवीत माझा ॲप्रन, सेफ्टी शूज, पाण्याची बाटली. पहिल्या बसची माणसं आमच्या बाजूनं आत जात होती. ती म्हणाली, "अगं, तू आज का आलीस?"

"सुट्टी संपली म्हणून."

तिचा चेहरा उतरला. "तुला कळलं नाही?" तिनं विचारलं. "लेट यू गो म्हणजे... कामावरून कमी करणं. त्या दिवशी सगळ्यांना तेच सांगितलं."

ती बोलत राहिली. "मला वाटलं तुला कळलंय. तू इतकं छान थँक यू म्हणालीस. बाकीचे रडले, एकानं खुर्ची आपटली. साहेब नंतर म्हणाले, त्या मुलीत काय डिग्निटी आहे. खरंच म्हणाले गं."

"तू तिथं बसली होतीस," मी म्हणाले. "मी सुट्टी मागितलेली तुला माहीत होती. मराठीत एक शब्द टाकायचा होतास."

"साहेबांसमोर?" ती म्हणाली. "ते बरं दिसलं नसतं."

माझ्या डोक्यात तेव्हा खूप काही आलं असेल, पण मी पिशवी घेतली आणि तिला म्हणाले, "नेव्हर माइंड." ते का म्हणाले मला माहीत नाही. तोंडाला तेच सापडलं.

त्या संध्याकाळी मी क्लासला गेले. खोलीवर जाऊन मुलींना सांगण्यापेक्षा ते बरं वाटलं. वर्ग सुरू व्हायचा होता. मी सरांना झालेलं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, "अरेरे. लेट गो आपण ॲडव्हान्स बॅचला घेतो हो. बेसिकला नसतंच ते."

माझ्यासाठी त्यांना वाईट वाटलं असावं. पण ते शिक्षक होते आणि हातात खडू होता. वर्ग भरल्यावर ते फळ्याकडं वळले आणि त्यांनी लिहिलं, टू लेट समवन गो. खाली, वाक्यात उपयोग करा. मुलांना त्यांनी माझं नाव न घेता सांगितलं, की आपल्यातल्याच एकाला याचा अर्थ माहीत नसल्यानं काय झालं बघा. सगळ्यांनी आपल्यातला एक कोण ते वळून बघितलं. मग मुलं एकेक करून उठली. माय कंपनी लेट मी गो. द बॉस लेट हिम गो. पुण्याला नवरा असलेली म्हणाली, माय हजबंड विल नॉट लेट मी गो. सर तिला म्हणाले, हा वेगळा अर्थ झाला, पण चालेल. माझ्यापर्यंत यायच्या आधी मी उठले आणि खाली उतरले. पुन्हा त्या जिन्यावर पाय ठेवला नाही.

तो गुरुवार होता. गुरुवारी छावणीत जनावरांचा बाजार असतो आणि आबा शेळ्या घेऊन यायचे. मी क्लासला असताना ते कधी वर आले नाहीत आणि मी कधी खाली बाजारात गेले नाही. त्या दिवशी गेले. बाजार उठत आला होता. आबांकडं दोन बोकड उरले होते आणि एक खाटीक त्यांच्याशी भाव करत होता.

मला बघून आबा म्हणाले, "काय गं, डोळ्याला काय झालं आईच्या?"

"आईला काही नाही. माझं काम गेलं, आबा. मला कंपनीनं जाऊ दिलं म्हणाले."

"जाऊ दिलं म्हंजी? तू जाते म्हणाली व्हतीस का?"

"नाय."

"मग काढलं म्हणावं की," आबा म्हणाले. "काढलं त्याला काढलं म्हणत्यात."

मी म्हणाले, "तिथं तसं म्हणत नाहीत." आबांनी मला बोकडाची दोरी धरायला दिली आणि खाटकाकडं वळले. "नै भाई, उत्ते में नै जमता," ते म्हणाले. आबांची दखनी अर्धी मराठी आहे. क्रियापद कुठंही टाकतात, बाईला पुरुष करतात, पुरुषाला बाई. आजवर त्यावरून बाजारात कुणी हसलेलं मी बघितलं नाही. कारण बोकड आबांचे होते. ज्याला बोकड हवे होते त्यानं आबांची भाषा समजून घेतली. माझ्याकडचा माल माझ्या डोक्यात होता, तो दुसरीनं एका दमात सांगून टाकला की संपलं. मी दोरी धरून उभी होते आणि हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला फक्त शेळ्यांच्या वासाची लाज वाटत होती, कारण भांड्यांच्या दुकानाच्या जिन्यावरून वर्गातली मुलं खाली उतरताना दिसत होती.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी मुलाखती दिल्या. प्रत्येकानं हसून सांगितलं, वी विल गेट बॅक टू यू. पहिल्या दोन वेळा मी फोन चार्ज करून जवळ ठेवला. नंतर त्याचाही अर्थ कळला. हा मला कुणी शिकवला नाही.

आता मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. क्वालिटीचं काम परत मिळालं नाही. बाहेरच्या पार्ट्यांचे फोन मीच घेते, इंग्रजी आता चांगलं येतं. आय ॲम अफ्रेड मी दिवसातून कितीतरी वेळा म्हणते आणि ते इतकं सहज येतं, की म्हणून झाल्यावर माझं मलाच ऐकू येतं. त्याचा आनंद होत नाही. मैत्रिणीचा दिवाळीला मेसेज येतो, कीप इन टच. मी हात जोडलेलं चित्र पाठवते.

मागच्या महिन्यात आमच्या इथं एका ऑपरेटरला काढलं. मालक जुन्या वळणाचे, त्यांना इंग्रजी येत नाही. स्टोअरच्या दारातच त्यांनी त्याला गाठलं आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"का?" त्यानं विचारलं.

मालकांनी काहीतरी सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, "का पण? मीच का?" मग आवाज चढले. त्यानं मशीनवर कापलेलं बोट मालकांच्या तोंडासमोर धरलं, किती रविवार आलो ते विचारलं, त्यांच्या भावाच्या नावानं बोलला, एकदा तर शिवीही दिली. मालकांनीही दिली. अख्खं शॉप थांबून बघत होतं. त्याची नोकरी काही वाचली नाही. पण मालक घामानं निथळले होते आणि त्याच्या एकाही प्रश्नाला त्यांना धड उत्तर देता आलं नव्हतं. तो नळावर गेला, तोंड धुतलं, सगळ्यांना "येतो" म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला.

सुपरवायझर मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला बघत बसला, आत जा." मी गेले नाही. तो गेटबाहेर पडेपर्यंत मी दारातच उभी राहिले, आणि कामावरून काढलेल्या त्या माणसाचा मला हेवा वाटत होता.